न्यू जर्सीत कुत्रा-मांजर पाळताय? आधी रेबीजची लस

"इथे भटकी कुत्री कुठे आहेत? मग रेबीज येणार कुठून?" न्यू जर्सीत नव्याने आलेले आपले लोक कुत्रा किंवा मांजर घेतात तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. एडिसन, प्लेन्सबरो, पार्सिपनीकडे जुनी झालेली मराठी घरं यावर एकच सांगतात : लस टाळू नका.

कुत्र्यांमधून पसरणारा रेबीज अमेरिकेतून हटल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं, हे खरं. पण रानटी प्राण्यांतला रेबीज आहेच. पूर्व किनाऱ्यावर तो मुख्यतः रॅकूनमध्ये, शिवाय स्कंक, कोल्हे आणि वटवाघळांत. कचऱ्याच्या वासाने रॅकून रात्री थेट डेकवर येतो आणि कुत्रा त्याच्या अंगावर धावून जातो. "आमची मांजर घराबाहेर पडतच नाही" म्हणणाऱ्यांनी माळ्यावरून घरात शिरणारी वटवाघळं विसरू नयेत. इथे पाळीव प्राण्यांपैकी रेबीज सर्वांत जास्त सापडतो तो मांजरांतच.

रॅकूनशी अशी झटापट झाली, तर लस घेतलेल्या कुत्र्याला लगेच बूस्टर देतात आणि ४५ दिवस घरीच नजरेखाली ठेवतात. लस नसेल तर त्याला कायमचं झोपवायचं किंवा चार महिने कडक विलगीकरणात ठेवायचं, एवढेच मार्ग उरतात. घरातल्या मुलांना हे सांगायची वेळ कुणावरही येऊ नये.

पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, वर्षाने बूस्टर, मग लसीच्या प्रकाराप्रमाणे साधारण तीन वर्षांनी. पहिल्या डोसनंतर २८ दिवस झाल्यावरच संरक्षण धरतात. तोवर पिलाला बॅकयार्डात एकटं सोडू नका. कुत्रा सात महिन्यांचा झाला की टाऊनशिपचं लायसन्स लागतं आणि लायसन्सच्या बारा महिन्यांपैकी किमान दहा महिने लसीची मुदत असावी लागते. उन्हाळ्यात मुदत संपणारा कागद घेऊन जानेवारीत गेलात, तर खिडकीवरून परत पाठवतात. खर्चाची अडचण असेल तर टाऊनशिपमध्ये चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं भरतात. कुत्रा पट्ट्याला बांधून, मांजर कॅरियरमध्ये न्या आणि सही केलेलं प्रमाणपत्र घेऊनच निघा. गळ्यातल्या बिल्ल्यावर विसंबू नका.

भारतातून कुत्रा आणायचा असेल तर तीन-चार महिने आधी तयारीला लागा. आधी मायक्रोचिप, मगच लस. क्रम उलटला तर ती लस मोजत नाहीत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. लसीनंतर रक्ततपासणी आणि सरकारी पशुवैद्यांचा शिक्का लागतो. तपासणीचा अहवाल नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन.

आई-बाबा राहायला येतील तेव्हा त्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवा. सकाळी झोपायच्या खोलीत वटवाघूळ दिसलं तर ते हाकलू नका. खोलीचं दार लावून हेल्थ डिपार्टमेंटला फोन करा. चावल्याची खूण इतकी बारीक असते की दिसतही नाही, आणि वटवाघूळ हाती असेल तरच त्याची तपासणी होते. कुठलाही प्राणी चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आता नको. पूर्वी लस न घेतलेल्यांना दंडावर साधारण चार डोस आणि जोडीला इम्युनोग्लोब्युलिन देतात. एकदा लक्षणं सुरू झाली की मात्र माणूस वा प्राणी जवळजवळ कधीच वाचत नाही. तुमच्या कुत्र्या-मांजराची लस राहिली असेल, तर याच आठवड्यात व्हेटची वेळ घ्या.