जुनी गाडी दान करताय? आधी हा हिशोब बघा

या वेळच्या व्हिडिओत आकडे घाईत सांगितले गेले, म्हणून इथे नीट लिहिते. वही-पेन घेऊनच बसा.

आमच्या बाबांची १९८९ ची एमएम ५४० जीप. अमेरिकेत मस्टँगसारख्या मसल कारसाठी लोक जसे वेडे असतात, तसं आपल्या कोकणात जीपचं. दुकानाचा माल श्रीवर्धनहून, पाहुणे बागमांडल्याच्या जेट्टीवरून, सगळं तिनेच आणलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात शेडचे पत्रे उडाले, ती तिथेच उभी. हरिहरेश्वरच्या खाऱ्या हवेने खालचा पत्रा खाल्लाय, पण इंजिन अजून हाफ सेल्फमध्ये चालू होतं. आता बाबांना चालवणं जमत नाही. ते म्हणाले, "विकायची नाही. चांगल्या संस्थेला देऊन टाकू."

माझ्या पोटात गोळाच आला. कारण हा प्रकार मी एकदा करून बसलेय.

दुकान सुरू केल्यावर माझी एक जुनी व्हॅन होती. ती एका संस्थेला दिली. हार घातला, फोटो काढला, चावी दिली. ट्रान्सफरचे कागद "बघू नंतर". दीड वर्षाने माझ्या मोबाईलवर ई-चलन! गाडी कोण चालवत होतं, मला माहीत नाही. बीबीए झालेली बाई मी, आणि एवढं साधं सुचलं नव्हतं. चलनावर निभावलं हे नशीब. अपघात झाला असता तर? २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या खटल्यात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच.

म्हणून दान असो वा विक्री, फॉर्म २९ आणि ३० भरल्याशिवाय चावी द्यायची नाही. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही घेणाऱ्याच्या नावावर करायला १४ दिवस. आणि खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. ते संपलेलं असेल तर आधी ते करा, नाहीतर गाडी म्हणून नाही, भंगार म्हणून दान होईल.

आता टॅक्स. इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. "गाडी दिली की ८०जी मिळेल ना?" नाही मिळत. आयकर कायद्यात फक्त पैशाच्या देणगीला ही वजावट आहे. वस्तूला शून्य, मग ती जीप असो की तांदळाची गोणी. रोखीने दिलेले पैसेही २,००० रुपयांपर्यंतच धरतात. अमेरिकेत गाडी देऊनही वजावट मिळते, पण संस्थेने ती न वापरता विकली तर साधारणपणे विक्रीच्या रकमेपुरतीच. म्हणजे तिथेही मालकाच्या मनातली किंमत चालत नाही.

मग खरी किंमत ठरते कशी? बोली लावणारे किती जमले, त्यावर. सप्टेंबर २०२० मध्ये महिंद्राने नव्या थारची पहिली गाडी ऑनलाइन लिलावात काढली, बोली गेली १ कोटी ११ लाखांवर. पैसे समाजकार्याला, आणि कंपनीकडून तेवढेच वर. संस्थांच्या पर्यायांत स्वदेस फाउंडेशन होतं, आपल्याच रायगडात काम करणारं. उलट उदाहरण केरळचं. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने गुरुवायूर देवस्थानाला एक थार अर्पण केली. देवस्थानाने ती लिलावात काढली, मूळ बोली १५ लाख. बोली लावायला एकच जण! १५ लाख १० हजारांना गेली. वाद कोर्टापर्यंत पोचला, जून २०२२ मध्ये पुन्हा लिलाव झाला आणि तीच गाडी ४३ लाखांना गेली. गाडीत काडीचा बदल नाही.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. ते गप्प. मग मी ज्या संस्थेचं नाव त्यांच्या मनात होतं तिथे फोन केला. तिथले काका सरळ बोलले, "ताई, जीप घेऊन आम्ही काय करू? ड्रायव्हर नाही, पार्ट शोधायला माणूस नाही. औषधाला पैसे हवेत." हा फोन आधी केला असता तर आठवडाभराची भांडणं वाचली असती.

बाबा राजी झाले. पहिल्या डीलरने ६०,००० सांगितले. मी थांबले. इंजिनचा आवाज, चासी नंबर, आणि गंजलेला पत्रासुद्धा न लपवता व्हिडिओ काढला, जीपवाल्यांच्या ग्रुपांवर टाकला, रविवारी बघायला बोलावलं. पाच जण आले. माणगावच्या एका तरुणाने १,८५,००० दिले, बँकेतून.

ते सगळे बाबांनी संस्थेला ट्रान्सफर केले. संस्थेकडून फॉर्म १०बीई घेतला, पावती पुरत नाही. आता वजावट बघा. बाबांचं उत्पन्न ६ लाख. साध्या संस्थांसाठी उत्पन्नाच्या १० टक्केच देणगी धरतात, म्हणजे ६०,०००, आणि त्याच्या निम्मी वजावट, म्हणजे ३०,०००. तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. दिले १,८५,०००, वजावट ३०,०००. टॅक्ससाठी दान करायला निघालेल्यांनी हा आकडा भिंतीवर चिकटवावा.

जीप बाबांच्या नावावर, घरच्या वापराची होती, म्हणून विक्रीवर कर नाही. तुमची गाडी धंद्याच्या वहीत असेल, तिच्यावर घसारा घेतला असेल, तर गोष्ट वेगळी. विक्रीची रक्कम त्या ब्लॉकमधून वजा होते आणि कधी कधी करही लागतो. तिथे सीएला विचारूनच पाऊल टाका.

पेणच्या आरटीओचं काम व्हायला थोडे दिवस गेले. नवीन आरसीवर त्या मुलाचं नाव दिसलं, तेव्हाच बाबांनी दुसरी चावी दिली. देताना त्याला सांगत होते, "पावसात तिसरा गिअर जरा अडकतो, जोर लावू नको."