स्वस्त डिजिटल कॅमेऱ्याची निवड : एक शास्त्रीय विचार

आपल्या महाविद्यालयातील इतिहास, मराठी आणि कन्नड या तिन्ही विभागांचे विद्यार्थी प्रकल्पाच्या निमित्ताने गावोगावचे शिलालेख आणि वीरगळ पाहत हिंडतात. त्यांच्यापैकी बरेचजण भौतिकशास्त्र विभागात डोकावून मला एकच प्रश्न विचारतात : "सर, पैसे थोडे आहेत. कोणता डिजिटल कॅमेरा घ्यावा?" एखाद्या मॉडेलचे नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मॉडेले बदलतात, तत्त्वे बदलत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात मी प्रथम तत्त्वे आणि मग त्यांवरून निघणारा व्यवहार, असा क्रम ठेवला आहे.

कॅमेरा कशासाठी हवा, हे आधी ठरले पाहिजे. आपल्या भागातील कित्येक वीरगळ देवळाच्या आवारात, पाराखाली किंवा शेताच्या बांधावर उघड्यावर उभे आहेत. पावसाने ते झिजतात. कोणी भक्तिभावाने त्यांवर शेंदूर किंवा ऑइल पेंट चढवतो आणि अक्षरे बुजतात. अशा दगडाचे आज काढलेले छायाचित्र उद्या त्याचा एकमेव पुरावा ठरू शकते. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी आणि कन्नड लेख जवळजवळ कोरलेले आहेत, हे आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना ठाऊक आहेच. असे लेख वाचताना दगडातील खळगा नैसर्गिक की तो कोरलेला अनुस्वार, एवढ्यावर वाद होतात. तेव्हा आपली कसोटी एकच : झिजलेले अक्षर या कॅमेऱ्याने वाचता येईल काय?

मेगापिक्सेलचा हिशेब

१९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात अवघे दहा हजार बिंदू, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल होते. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. तेथून आपण फार पुढे आलो आहोत. आता खोक्यावरचा मेगापिक्सेलचा आकडा पाहून खरेदी करण्याचे कारण उरलेले नाही.

एक उदाहरण घेऊ. दीड मीटर उंचीचा वीरगळ आहे आणि तो चित्राच्या लांब बाजूत बरोबर बसला आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्या बाजूवर ६००० बिंदू असतात. म्हणजे दगडाच्या प्रत्येक मिलिमीटरला ४ बिंदू मिळाले. दोन सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला ८० बिंदू आणि चार मिलिमीटरच्या अनुस्वाराला १६. आता कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा घ्या. लांब बाजूवर सुमारे ४२५० बिंदू, अक्षराला ५६ आणि अनुस्वाराला ११. आकडा निम्मा झाला, पण बारकावा निम्मा झाला नाही. तो दोनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटला. वाचनाला ५६ बिंदूही पुरेसे आहेत. छपाईचे म्हणाल, तर ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० बिंदूंनी छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल लागतात. सारांश, १२ मेगापिक्सेलच्या पुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

सेन्सरचे क्षेत्रफळ

खरा फरक सेन्सरच्या आकारात असतो. अंगणात पाऊस पडत असता वाटी आणि परात शेजारी ठेवल्या, तर पाऊस तोच असूनही परातीत पाणी अधिक जमते. सेन्सरचे तसेच आहे. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा ६.२ × ४.६ मि.मी.चा सेन्सर असतो. क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मि.मी. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातील एपीएस-सी सेन्सर निकॉनच्या बाबतीत सुमारे २३.५ × १५.६ मि.मी.चा, म्हणजे ३६७ चौरस मि.मी.चा असतो, कॅननचा किंचित लहान. छिद्राचा एफ-अंक आणि वेळ सारखी ठेवली, तर मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश तेरापट पडतो.

प्रकाश कणाकणांनी येतो आणि कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार त्यात अटळ असतो. हाच चढउतार चित्रात रवाळ दाण्यांच्या रूपाने दिसतो. प्रकाश तेरापट झाला की चित्राची स्वच्छता सुमारे साडेतीनपट वाढते. भर उन्हात हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. पण हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासारख्या जुन्या देवळाच्या आत शिरा, की लगेच जाणवतो.

दुसरी अडचण विवर्तनाची. भिंग कितीही उत्तम असले तरी प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून उमटत नाही, तबकडी म्हणून उमटतो. एफ/५.६ या छिद्राला हिरव्या प्रकाशाच्या तबकडीचा व्यास सुमारे साडेसात मायक्रॉन येतो. छोट्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबले तर प्रत्येक बिंदू जेमतेम १.२ मायक्रॉनचा, म्हणजे एक तबकडी सहा बिंदूंवर पसरली. मग ते वीस मेगापिक्सेल केवळ खोक्यावरच राहिले. एपीएस-सी सेन्सरवर २४ मेगापिक्सेल असूनही बिंदू ३.९ मायक्रॉनचा असतो आणि तबकडी दोनच बिंदू व्यापते.

मोबाइलचा प्रश्न येथे ओघानेच येतो. चांगल्या फोनने काढलेले कागदपत्रांचे किंवा उन्हातल्या दगडाचे चित्र पुष्कळदा उत्तम असते. ज्याच्याकडे असा फोन आहे, त्याने छोट्या सेन्सरचा नवा स्वस्त कॅमेरा घेऊच नये; हाती नवे काही लागणार नाही. तथापि फोन अंधारात दाणे पुसून टाकतो आणि कडा गडद करतो. दाण्यांबरोबर दगडाचा पोतही पुसला जातो, आणि खळगा व अनुस्वार यांतला भेद त्या पोतावरूनच कळतो. म्हणून मूळ नोंद जशीच्या तशी राखणारी रॉ फाइल देणारा कॅमेरा अभ्यासकाला हवा.

वापरलेला कॅमेरा पारखणे

कॅनन आणि निकॉन या कंपन्यांनी आपले लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवले आहे. त्यामुळे चांगले डीएसएलआर वापरलेल्या मालात पुष्कळ स्वस्त मिळतात. निकॉनचा २०१४ मधील डी ३३०० किंवा कॅननचा २०१६ मधील १३००डी या जातीचा कॅमेरा १८-५५ मि.मी. लेन्ससह मिळाला, तर आपल्या कामाला तो पुरेसा आहे. घेताना पुढील चार गोष्टी दुकानातच पाहाव्यात.

पहिली : लेन्समधून विजेरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. ती बुरशी होय. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती हमखास धरते. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये.

दुसरी : भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून समोरून चित्र घ्यावे. मध्याबरोबर चारही कोपऱ्यांतील मजकूर वाचता आला पाहिजे.

तिसरी : एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचे चित्र काढावे. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तेवढी किंमत कमी करून मागावी.

चौथी : शटर किती वेळा उघडले आहे याचा आकडा विचारावा. निकॉनच्या चित्राच्या फाइलमध्येच तो नोंदलेला असतो. डी ३३०० चे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले आहे. त्या मानाने उरलेले आयुष्य मोजावे.

पैशांची वाटणी

सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालवू नयेत. थोडे बाजूला ठेवून त्यांतून एक दणकट ट्रायपॉड आणि एक चांगली विजेरी घ्यावी. शिलालेखाचे अक्षर दिसते ते सावलीमुळे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडतो आणि नेमकी सावलीच नाहीशी करतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, छिद्र एफ/८, दोन सेकंदांचा टायमर आणि विजेरी दगडाला जवळजवळ समांतर धरलेली, एवढ्या सामग्रीने साधी लेन्सही सुरेख काम देते. झोत चार बाजूंनी देऊन चार चित्रे घ्यावीत. एका बाजूने न दिसलेली वेलांटी दुसऱ्या बाजूने दिसते. उघड्यावर हेच काम सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन करते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पुढे पैसे जमले तर नवे मॉडेल घेऊ नये, ५० मि.मी. एफ/१.८ सारखी लेन्स घ्यावी, मात्र ती आपल्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करते याची खात्री करून. १८-५५ लेन्स ५५ मि.मी.ला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ ला तिच्या जवळजवळ दसपट प्रकाश आत येतो. जेथे एक षष्ठांश सेकंद लागत होता तेथे एक साठांश पुरतो, आणि ट्रायपॉड लावू न देणाऱ्या देवळातही हातात कॅमेरा धरून चित्र घेता येते. पावसाळ्यात सर्व साहित्य घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे.

एवढाही खर्च एकट्याला झेपत नसेल तर चौघांनी मिळून एक कॅमेरा घ्यावा, असे मी सुचवीन. त्या चौघांत एक मराठीचा आणि एक कन्नडचा विद्यार्थी अवश्य असावा, कारण आपल्या गावांतील दगड दोन्ही भाषांत बोलतात. चित्रासोबत गाव, जागा, दिनांक आणि दगडाची मापे वहीत लिहून ठेवावीत. दगडाशेजारी मोजपट्टी ठेवूनच चित्र घ्यावे. दगडाचा ठावठिकाणा आणि माप ठाऊक नसेल, तर सर्वांत महागड्या कॅमेऱ्याचे चित्रही अभ्यासकाच्या फारसे उपयोगी पडत नाही.