चुनखडीने राखलेला इतिहास

चेन्नईतील अड्यार नदीच्या दक्षिणेस पल्लावरम हे उपनगर आहे. तेथे १८६३ साली भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना अश्मयुगीन मानवाने घडविलेली दगडी हातकुऱ्हाड सापडली. भारतातील प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया तेथे घातला गेला. मात्र ती घडविणाऱ्या मानवाचे हाड काही मिळाले नाही. असे का झाले असावे?

जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी असते. तिच्यात हाडे कालांतराने विरून जातात. चुनखडी आम्लाचा प्रभाव नाहीसा करते. त्यामुळे तिच्या गुहांमध्ये हाडे दीर्घकाळ टिकतात.

आंध्र प्रदेशात बेतमचर्ला गावाजवळ बिल्ला सुरगम ही चुनखडीच्या गुहांची मालिका आहे. १८८४-८५ च्या सुमारास फूट व त्यांचे पुत्र हेन्री यांनी तेथे उत्खनन केले. गेंडा, ठिपक्यांचा तरस अशा प्राण्यांचे अवशेष त्यांना मिळाले. आज त्या परिसरात गेंडा नाही आणि ठिपक्यांचा तरस तर भारतातच आढळत नाही. पुढे त्याच प्रदेशातील ज्वालापुरम येथील शैलाश्रयात सूक्ष्म दगडी हत्यारांसह मानवी अवशेषही सापडले.

या भागातील चुनखडी फरशी व सिमेंट यांसाठी खणली जाते. त्यातून अनेकांना रोजगार मिळतो, हे खरे. परंतु गुहेतील मातीचा थर एकदा विस्कटला, की त्यातील हाड कोणत्या काळातील हे ठरविणे अवघड होते. म्हणून अशा ठिकाणी काही आढळल्यास ते न उचलता पुरातत्त्व विभागाला कळवावे. वस्तूइतकीच तिची जागाही मोलाची असते.