मोबाईलला ऐकू येत नाही!

कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला आपण ओपन लूप आणि क्लोज्ड लूप शिकलो. पेपरात मार्कही मिळाले. पण मला त्यांतला फरक खरा समजला तो वसमतला, ताईच्या घरी.

माझी भाची साडेतीन वर्षांची. मोबाईलवरची गाणी बघून 'वन' ते 'ट्वेंटी' धडाधड म्हणते. ते व्हिडिओ मीच लावून दिले होते, त्यामुळे माझी कॉलर ताठ! पीएलमध्ये ताईकडे गेले तेव्हा अंगणात हळद वाळत होती. तिची आजी म्हणाली, "माय, पाच हळकुंडं आन बरं." तिनं मूठभर आणून टाकली. "आता मोज." तर बोट एकाच हळकुंडावर आणि तोंड थेट ट्वेंटीपर्यंत!

म्हणजे आकड्यांचं गाणं पाठ होतं, मोजणं येत नव्हतं.

असं का होतं? व्हिडिओ ही ओपन लूप सिस्टिम आहे. मूल चुकलं काय, कंटाळलं काय, तो पुढेच जातो. फीडबॅक नाही. 2003 साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला. समोर बसून चिनी बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच टीव्हीवर दाखवलं तर शिकली नाहीत.

मग मोबाईल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका लागायची. तिच्यातल्या कृती घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन करायच्या असत. पडदा होता, पण हातही चालत होते.

घरी एवढं करता येईल :

1. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे.

2. शेजारी बसा. व्हिडिओ थांबवा, विचारा, उत्तराची वाट बघा.

3. पडद्यावर पाहिलेलं लगेच हातात द्या. चमचे, भेंड्या, काहीही चालेल.

4. व्हिडिओ कॉल करा. तिथे पलीकडचा माणूस उत्तर देतो.

आजीने यातलं काही वाचलेलं नव्हतं. ती एकेक हळकुंड भाचीच्या हातावर ठेवायची आणि आकडा पुढे पळाला की थांबायची. आठ दिवसांनी पाच मागितली, पाचच आली.

आता मी हॉस्टेलवरून कॉल करून विचारते, "आज किती पोळ्या खाल्ल्या?" ती बोटं दाखवते. मोजून मी सांगायचं!