वाडींतील खार व तिचें कुळ

पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंत ज्याची चिकूची किंवा नारळीची वाडी आहे, त्याला खारीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. तथापि फळ कुरतडलेलें आढळलें कीं आरोप बहुधा डोळ्यांना दिसलेल्या प्राण्यावर येतो. उंदीर व वटवाघूळ रात्रीं येतात. खार उजेडांत येते, म्हणून तीच चोर ठरते. तिच्यासाठीं विष आणण्यापूर्वीं तिचें कुळ व तिचा खरा अपराध समजून घेणें अवश्य आहे.

खारींच्या कुळांत पावणेतीनशेंहून अधिक जाती आहेत. कांहीं झाडांवर राहतात, कांहीं जमिनींत बिळें करतात, तर कांहीं रात्रीं अंगाचा पडदा पसरून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातात. ह्या शेवटच्यांस आपण उडत्या खारी म्हणतों, पण त्यांना पंख नाहींत. लडाखच्या थंड माळांवरील मार्मोट हाही ह्याच कुळांतला. तो हिवाळाभर बिळांत निजून असतो. अमेरिकेंतील गवताळ प्रदेशांत गांवें वसवून राहणाऱ्या एका खारीस तिच्या भुंकण्यामुळें तेथील लोक ‘प्रेअरी डॉग’, म्हणजे माळावरचा कुत्रा, म्हणतात. ह्या सर्वांचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. म्हणून भूक नसतांही कठीण पदार्थ कुरतडणें त्यांना भागच असतें.

आपल्या अंगणांतील खार, जिला कोणी खारोटी व कोणी चानी म्हणतात, ती पट्टेवाली होय. पंचपट्टी खारीच्या पाठीवर तीन व बगलांस एक एक असे पांच फिके पट्टे असतात, त्रिपट्टीस तीनच. महाराष्ट्रांत दोन्ही भेटतात. आपल्या वाडींत कोणती, हें वाचकांनी स्वतः मोजून पाहावें. श्रीरामांच्या बोटांची कथा सर्वश्रुतच आहे; अमेरिकेंतील चिपमंक ह्या खारीसही पाठीवर पट्टे असतात, हें मात्र फारसें ठाऊक नसतें.

शेकरू हा ह्या कुळांतला मोठा सोयरा. त्याचें वजन दोन किलोपर्यंत भरतें आणि शेपूट धडाहून लांब असतें. फांद्या एकमेकींस लागलेलें दाट रान त्याला हवें, म्हणून किनाऱ्यावरील वाड्या हें त्याचें घर नव्हे. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं स्थापन झालें, तें विशेषतः त्याच्यामुळें ओळखलें जातें. तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें त्याला संरक्षण असल्यानें, रानालगतच्या बागेंत तो नारळ फोडतांना दिसला तरी त्याला इजा करतां येत नाहीं.

आतां नुकसानीकडे वळूं. कोंवळा नारळ देठाजवळ भोंक पाडून रात्रींतून खालीं पडला असेल, तर तो उंदराचा उद्योग समजावा. झाडाखालीं चिकूचा रस चोखून थुंकलेला चोथा पडला असेल, तर वटवाघूळ आलें होतें. खार बहुधा पिकावर आलेलें फळ जागच्या जागीं कुरतडते आणि अर्धें लटकतें ठेवते. ती किडेही खाते, हें तिच्या जमेच्या बाजूस लिहिलें पाहिजे. चार दिवस सकाळ-संध्याकाळ झाडाखालीं फिरून ह्या खुणा पाहिल्यावांचून उपाय करणें म्हणजे पैसा वायां घालविणें होय.

नारळीच्या खोडास सहा-सात फूट उंचीवर सव्वा फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा बसविल्यास उंदीर वर चढत नाहींत. मात्र झावळ्या शेजारच्या झाडास लागतां कामा नयेत. खार उडी मारून येते, तेव्हां तिच्याकरितां हा पत्रा अपुरा आहे. विषाचा मार्ग तर त्याज्यच. विष खाल्लेले उंदीर घुबडाच्या व मुंगसाच्या पोटांत जातात, आणि उंदरांचा फडशा पाडणारे हे फुकटचे राखणदारच आपण गमावतों.

कित्येक जण पिंजऱ्यांत धरलेली खार दूरच्या गांवीं सोडून येतात. ह्यांत दया दिसते, पण दूरदृष्टि नाहीं. १८७६ सालीं इंग्लंडांत अमेरिकेची करडी खार मोकळी सोडण्यांत आली. आज ती तेथें कोंवळ्या झाडांच्या साली सोलते, आणि तिच्यामुळें तेथील तांबडी खार बहुतेक भागांतून नाहींशी झाली आहे. ऑस्ट्रेलियांत मूळची एकही खार नाहीं. तरी १८९८ सालीं पर्थ येथील प्राणिसंग्रहालयांतून आपली पंचपट्टी खार बाहेर पडली व त्या शहरांत रुजली.

चिकूच्या बाबतींत खरा उपाय वेळेवर तोडणीचा आहे. हें फळ झाडावरून उतरविल्यावर पिकतें. अंगावरची भुकटी झडूं लागली, आणि नखानें ओरखडल्यावर सालीखालीं हिरव्याऐवजीं पिवळट रंग दिसला, कीं तें उतरवावें. मऊ झालेलीं फळें झाडावर राहिलीं नाहींत, तर खारीसाठीं व वटवाघळांसाठीं फारसें उरत नाहीं. उन्हाळ्यांत ठिबकाच्या नळ्या कुरतडलेल्या दिसल्यास बांधालगत दोन-तीन पसरट भांड्यांत पाणी भरून ठेवावें व तें रोज बदलावें. कारण त्या दिवसांत खारीचें लक्ष नळीपेक्षां तींतील पाण्याकडे अधिक असतें.