धार लावताना डोळ्यांचे रक्षण
म्हसवडसारख्या गावी कुळवाच्या पासेस व विळ्यास ग्राइंडरवर धार लावण्यात येते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते. कारागिराने तोंड चाकाजवळ नेल्यास लोखंडाचा कण डोळ्यात जाऊ शकतो. साध्या चाळिशीची काच फुटू शकते, बाजूही उघड्या राहतात. यास्तव पॉलिकार्बोनेट भिंगांचा, बाजूस आडोसा असलेला, भारतीय मानक ५९८३ नुसार बनविलेला नंबरचा सुरक्षा-चष्मा घ्यावा. न मिळाल्यास चाळिशीवरून बसणारा मोठा सुरक्षा-चष्मा वापरावा.

नंबर अंदाजाने ठरवू नये. डोळा व काम यांतील अंतर मोजून नेत्रतपासनीसास सांगावे. अधिक २ नंबरच्या भिंगाचे नाभीय अंतर ५० सेंटिमीटर, तर अधिक २.५ चे ४० सेंटिमीटर असते. म्हणजे गरजेपेक्षा मोठा नंबर तोंड पुन्हा ठिणग्यांजवळ नेतो.

कण गेल्यास डोळा चोळू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.