किब्ला आणि काठीची सावली

कोल्हापुरात किब्ला कोणता, असे विचारले की आपण सहज पश्चिमेकडे हात करतो. वस्तुतः येथून मक्का मुकर्रमाची दिशा पश्चिमेच्या सुमारे 14 अंश उत्तरेला आहे. सूरह बकरामध्ये (2:144) मस्जिदे हरामकडे तोंड करण्याचा आदेश आहे. दूर देशी ती दिशा नेमकी कोणती, हा शोध मुस्लिम विद्वानांनी गणिताच्या आधारे घेतला. अल-बिरूनी (973–1048) यांनी गझनीचा किब्ला एकाहून अधिक रीतींनी काढून उत्तरे ताडून पाहिली. टॉलेमीसारख्या थोर पंडिताचे म्हणणेही तपासल्यावाचून स्वीकारू नये, असा त्यांचे समकालीन इब्न अल-हैसम यांचा आग्रह होता. शास्त्रीय रीतीची ही पायाभरणी होय.

अशी पारख आपल्या अंगणातही करता येते. 28 मे रोजी भारतीय वेळेप्रमाणे दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी सूर्य काबागृहाच्या माथ्यावर असतो. त्या वेळी मुलांना सपाट जागी काठी सरळ उभी धरू द्या. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुंध्याकडे जाणारी रेषा हाच किब्ला. (16 जुलैलाही असा योग येतो, पण तेव्हा कोल्हापूरच्या आभाळात सूर्य दिसेल तर ना!)

ही रेषा आणि घरातील जुनी जानमाज यांत थोडे अंतर पडले, तर आजवरच्या नमाजा वाया गेल्या असे वडीलधाऱ्यांना कोणी ऐकवू नये. अल्प फरकाने नमाज बिघडत नाही, असे फकीहांचे मत आहे.